पिग्मी हिप्पो: वंश (जीनस) कोणता, नकाशात कुठे दाखवायचा आणि आकडा कोणता धरायचा?

रानवाटा:
मू डेंग या पिग्मी हिप्पोच्या पिल्लामुळे (जन्म जुलै २०२४, खाओ खियो प्राणीसंग्रहालय, थायलंड) मुलांना या प्राण्याचं वेड लागलंय, म्हणून शाळेच्या निसर्ग मंडळासाठी भित्तिपत्रक करतोय. शास्त्रीय नाव एका पुस्तकात ‘हेक्साप्रोटोडॉन’, दुसऱ्यात ‘कोएरॉप्सिस’. काही नकाशांत नायजेरियाही रंगवलेला. आणि ‘जगात फक्त २-३ हजार’ हा आकडा छापावा का?

कवटीकर:
कोएरॉप्सिस लायबेरिएन्सिस लिहा. सॅम्युएल मॉर्टननं १८४० च्या दशकात लायबेरियातून आलेल्या कवट्यांवरून या जातीचं वर्णन केलं. पुढे तिचा कोएरॉप्सिस हा वेगळा वंश झाला, १९७७ मध्ये जीवाश्म-अभ्यासक कोरिंडननं ती जात हेक्साप्रोटोडॉनमध्ये टाकली आणि २००५ मध्ये संशोधक बोआसरीनं पुन्हा बाहेर काढली. जुनी पुस्तकं त्यामुळे चुकीची नाहीत, फक्त जुनी आहेत.

फरक खालच्या जबड्यात बघा. पटाशीच्या दातांची पिग्मीत साधारण एकच जोडी, मोठ्या पाणघोड्यात दोन. हेक्साप्रोटोडॉनच्या ठरावीक जीवाश्मांत तीन. शिवालिक टेकड्यांमधले जीवाश्म हेक्साप्रोटोडॉनचेच, नर्मदा खोऱ्यातलेही. सायप्रस, मादागास्करचे बुटके पाणघोडे मात्र पिग्मी हिप्पोत मिसळू नका. ते बेटांवर खुजे झालेले वेगळे प्राणी, आता नामशेष.

ओहळकाठ:
फोटो निवडताना सांभाळा, इंटरनेटवर मोठ्या पाणघोड्याची पिल्लं ‘पिग्मी’ म्हणून सर्रास फिरतात. डोळे बघा: मोठ्याचे डोक्यावर उंचवट्यात, पिग्मीचे बाजूला. पिग्मीचं डोकं अंगाच्या मानानं लहान, बोटं जास्त फाकलेली. पूर्ण वाढलेला १८० ते २७५ किलो, उंची पाऊण ते एक मीटर. कळपात राहत नाही. दिवसा ओहळाकाठी दडून बसतो आणि रात्री पाला, कोवळे कोंब, गळलेली फळं खात फिरतो.

नकाशा: लायबेरिया, सिएरा लिओन, गिनी, आयव्हरी कोस्ट, एवढेच चार देश, तेही सलग रंगवू नका. जंगलाचे तुकडे दाखवा: लायबेरियात सापो, आयव्हरी कोस्टमध्ये ताई, सिएरा लिओनमध्ये गोला आणि मोआ नदीतलं तिवाई बेट, गिनीत झियामा. नायजेरियाची ‘हेस्लोपी’ ही उपजात १९६९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ कॉर्बेटनं नायजर त्रिभुजातून मिळालेल्या कवट्यांवरून मांडली. बाकीच्यांपासून १८०० किलोमीटर दूर. ती बहुधा संपली आहे, म्हणून तिथे रेघोट्या आणि प्रश्नचिन्ह.

मोजदाद:
आकडा छापा, पण ‘अंदाज’ म्हणून. आययूसीएन (निसर्ग संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) हिच्या २०१५ च्या मूल्यांकनात साधारण २००० ते २५०० प्रौढ धरलेत. यात पिल्लं नाहीत, त्यामुळे ‘जगात फक्त एवढेच’ हे वाक्य गाळा. दर्जा एन्डेंजर्ड (संकटग्रस्त). क्रिटिकली एन्डेंजर्ड नव्हे, बातम्यांत हा घोळ नेहमीचा. सायटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे.

नेमकी मोजणी का जमत नाही? कॅमेरा ट्रॅपच्या फोटोत वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो. इथे सगळ्यांची कातडी काळपट, गुळगुळीत. व्रण किंवा फाटका कान असेल तरच ओळख पटते. तोच प्राणी तीनदा आला की तीन धरायचे की एक, इथेच गाडी अडते. ठसे आणि विष्ठा शोधतात, पण मुसळधार पावसात दोन्ही धुऊन जातं. शेपटीनं झुडपांवर उडवलेली विष्ठा ही त्यातल्या त्यात चांगली खूण.

रानवाटा:
आणि धोके? ‘शिकार’ एवढंच लिहिलं तर चालेल?

मोजदाद:
नाही. जंगलतोड आधी लिहा: लाकूडतोड, शेती, मळे, सोन्याच्या खाणी. सापोमध्ये तर उद्यानाच्या हद्दीत बेकायदा खाणकाम झालंय. लाकूड नेण्यासाठी रस्ता पडला की त्याच रस्त्यानं मांसासाठी मारणारे आत शिरतात. मादी साडेसहा-सात महिन्यांच्या गर्भारपणानंतर सहसा एकच पिल्लू देते, त्यामुळे झालेली घट लवकर भरत नाही.

कवटीकर:
जागा उरली तर प्राणीसंग्रहालयांचाही उल्लेख करा. आंतरराष्ट्रीय वंशावळ-नोंद स्वित्झर्लंडच्या बाझेल प्राणीसंग्रहालयाकडे आहे. बंदिवासात प्रजनन होतं, पण माद्या जास्त जन्मतात, शिवाय मूत्रपिंडात गाठी होण्याचा विकार बऱ्याच प्राण्यांत आढळतो. ‘पिंजऱ्यात वाढवू आणि सोडू’ असं चित्र मुलांपुढे उभं करू नका.