आई-बाबांना घेऊन बुडापेस्ट, २ रात्री, खर्च कमीत कमी. जमेल का?

सांगलीकर_म्युनिकात
नमस्कार मंडळी. मी म्युनिकला मास्टर्स करतोय, मे महिन्यात आई-बाबा सांगलीहून येतायत. आलेच आहेत तर अजून एखादं शहर दाखवावं म्हणतोय. स्वित्झर्लंडचे हॉटेलचे रेट बघून गप्प बसलो, मग प्राग का बुडापेस्ट असं घोळत होतं, शेवटी बुडापेस्टवर आलो कारण थेट ट्रेन आहे, साधारण ७ तास लागतात आणि बाबांना खिडकीत बसून लोकांची शेतं बघायला मिळाली की बाकी काही नको. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारी परतीची गाडी. ट्रेन सोडून तिघांचं राहणं-खाणं-फिरणं ३५० युरोत बसवायचंय. अडचणी दोन, बाबांचे गुडघे आणि आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. राहायचं नदीच्या बुडाकडच्या काठाला का पेस्टकडच्या? आणि ते गरम पाण्याचे बाथ, त्यात पैसे घालावेत का?

भटकभवानी
पेस्ट, डोळे झाकून पेस्ट. बुडा म्हणजे सगळा चढ आहे, गुडघे असलेल्या माणसाला तिकडे राहायला नेऊ नका. पेस्ट सपाट आहे. मेट्रोची १ नंबरची पिवळी लाईन आहे ना, १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरची सगळ्यात जुनी, ती रस्त्याच्या लगेच खाली आहे, मोजक्या पायऱ्या उतरलं की डबा समोर. छोटे छोटे पिवळे डबे, पांढऱ्या टाइल्सची स्टेशनं, लाकडी कपाटं, बाबांना नक्की आवडेल. बाकीच्या लाईन खोल आहेत आणि तिथले सरकते जिने असले सुसाट पळतात की माझ्या सासूबाई पहिल्या दिवशी वरूनच परत फिरल्या होत्या. त्यामुळे या १ नंबरच्या किंवा ४-६ नंबरच्या ट्रामच्या जवळ खोली बघा.

बुडाच्या किल्ल्यावर जायला ती केबलवाली गाडी असते तिची रांग आणि तिकीट दोन्ही विसरा, डेआक फेरेन्त्स चौकातून १६ नंबरची बस चेन ब्रिजवरून थेट वर नेऊन सोडते आणि ती साध्या पासवर चालते. सकाळी ८ च्या आत फिशरमन्स बॅस्टियनला (टेकडीवरची बुरुजांची गच्ची) पोचा, खालचा भाग फुकट आहे, समोर नदीपलीकडे पार्लमेंट आणि गर्दी जवळपास नाही. संध्याकाळी २ नंबरची ट्राम, नदीकाठाने जाते, बोटीचे पैसे वाचतात. आम्ही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो आणि त्याच ट्रामने परत आलो, दिवे लागलेले बघत.

आईंच्या जेवणाचं सांगते कारण माझंही तेच दुखणं. लांगोश मिळतो, मोठ्या ताटाएवढा भटुरा समजा, वर लसणाचं पाणी, आंबट साय आणि किसलेलं चीज, एकात दोघांचं होतं. पण कशात तळलाय ते विचारा, काही ठिकाणी डुकराची चरबी असते. दुसरं म्हणजे फोझेलेक, ही त्यांची दाट भाजी, मसुराची असते, पालकाची असते, वाटाण्याची असते, आपल्या पातळ भाजीच्या जरा पुढची. "हूश नेल्क्युल" म्हणजे मांस नको, हे दोन शब्द पाठ करा कारण मसुरातही बेकन टाकायची त्यांना सवय. आणि चौकाचौकात तो धुराड्यासारखा पोकळ, गरम केक विकतात त्याच्या पिठात बऱ्याचदा अंडं असतं, आईंना आधीच सांगून ठेवा नाहीतर वासानेच फसाल.

दोनचहा
वरच्यांनी फिरण्याचं सांगितलंय, मी पैशाचं सांगतो. युरो चालतात म्हणून देऊ नका, सुट्टे फोरिंटमध्ये (तिथलं चलन) येतात आणि रेट दुकानदाराच्या मर्जीचा. १ युरोला किती फोरिंट ते निघायच्या आधी बघून ठेवा. कार्डचं मशीन विचारतं युरोत कापू का फोरिंटमध्ये, कायम फोरिंट. टुरिस्ट भागातल्या एटीएमपेक्षा खऱ्या बँकेच्या शाखेतलं बघा.

७२ तासांचा पास काढा आणि विषय संपवा. मी शहाणपणा करून सुटी तिकिटं घेतली, एकदा घाईत पंच करायचं राहिलं, वर येतो तर दंडावर पट्टी लावलेले दोघं तिकीट तपासनीस उभे. तिकीट खिशात होतं, कोरं करकरीत! त्या दंडात तिघांचं जेवण झालं असतं. चूक माझीच, पण अजून जळतं.

हॉटेलात बिल नीट वाचा, १०-१५ टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असतो, वर टिप ठेवायची गरज नाही. शुक्रवारी दुपारी पोचलात तर "नापी मेन्यू" लिहिलेली पाटी शोधा, कामावरच्या लोकांचं स्वस्त जेवण असतं ते, शनिवार-रविवार बहुतेक ठिकाणी नसतं.

येताना पासपोर्ट हाताशी ठेवा. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना पोलीस डब्यात येतात, आई-बाबांचे पासपोर्ट बॅगेच्या तळाशी आणि बॅग वरच्या फळीवर असं करू नका.

किरकिऱ्या
पार्लमेंट आतून बघायच्या भानगडीत पडू नका, युरोपियन नसलेल्यांना जवळपास दुप्पट तिकीट आहे, तिघांचं म्हणजे बजेटला भगदाड. बाहेरूनच जास्त देखणं आहे. तिथेच काठावर लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत, दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना काठावर उभं करून गोळ्या घातल्या आणि त्याआधी बूट काढायला लावले. काही बुटांत लोक फुलं ठेवतात. तिथे सेल्फी काढणाऱ्यांना काय म्हणावं.

बाथला मात्र न्या. भटकभवानी त्यावर बोलल्याच नाहीत. सेचेनी नावाचं बाथ १९१३ चं आहे, १ नंबरची मेट्रो दारात सोडते, महाग आहे हे खरं पण गुडघ्यांना ३८ डिग्रीचं पाणी, अजून काय पाहिजे? म्हातारे लोक छातीभर पाण्यात उभं राहून बुद्धिबळ खेळत असतात. (त्याच वर्षी याच गावात चित्रकार अमृता शेरगिल जन्मली, आई हंगेरियन होती तिची. उगाच सांगितलं.) आई उतरणार नसतील तर तुम्ही दोघंच जा, त्यांना शेजारच्या बागेत वायदाहुन्याद किल्ल्यापाशी बसवा, अंगण फुकट आहे.

सांगलीकर_म्युनिकात
सगळ्यांचे खूप आभार, ट्रेन बुक केली, खोली पेस्टला मिळाली, ट्रामपासून ३ मिनिटं. आईला तिथल्या पाप्रिकाचं (लाल मिरचीची पूड) सांगितलं तर म्हणते किलोभर आणू. तिखट असतं का ते? आणि बाबा बाथला लगेच तयार, फक्त विचारतायत पंचा घरून न्यायचा का.

भटकभवानी
पाकिटावर "एदेश" असेल तर गोडं, नुसता रंग. "चीपॉश" तिखट, पण सांगलीच्या माणसाला ते तिखट वाटणार नाही. किलोभर नको, शंभर ग्रॅम आणा आधी.

किरकिऱ्या
पंचा घरूनच न्या. तिथे टॉवेलला वेगळे पैसे पडतात. स्लिपरपण.