कास पठारावरून नमुने न आणता प्रात्यक्षिकवही कशी पूर्ण करावी?

द्वितीय वर्ष, वनस्पतिशास्त्र : सप्टेंबरमध्ये आमची सहल साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेली होती. तेथे फुले तोडण्यास मनाई असल्याने सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतींची केवळ छायाचित्रे घेता आली. परीक्षेसाठी मात्र वाळवलेले नमुने मागितले जात आहेत. अशा वेळी काय करावे?

माजी विद्यार्थिनी : मनाई योग्यच आहे. जांभ्या खडकावर मातीचा थर किती पातळ होता, पाणी कोठे साचले होते, हे छायाचित्रासोबत अवश्य लिहावे. कारण नत्राची वानवा असलेल्या अशा जागी कीटकांकडून नत्र मिळवणे, हीच या वनस्पतींची युक्ती आहे.

प्रयोगशाळा साहाय्यक : सीतेच्या आसवांचे सापळे जमिनीखाली असतात, त्यामुळे नुसते फूल तोडूनही ते हाती लागले नसते. महाविद्यालयात या सापळ्याची तयार काचपट्टी (स्लाइड) असल्यास सूक्ष्मदर्शकाखाली सापळ्याची इवलीशी पिशवी, तिचे दार आणि दारापाशचे केस पाहून आकृती काढावी. वाळवण्यासाठी टाकळा किंवा आघाडा घ्यावा. दमट हवेत वर्तमानपत्राचे कागद रोज बदलावेत, अन्यथा बुरशी धरते.

द्वितीय वर्ष, वनस्पतिशास्त्र : दोघांचेही आभार. टाकळा वसतिगृहामागेच माजला आहे. आजच दाबायला घेतो.