१९४६ चा नाविकांचा उठाव : स्वातंत्र्याचे श्रेय कोणाला, आणि किती?

कुलाबकर (धागाकर्ते)

दरवर्षी फेब्रुवारीचा तिसरा आठवडा आला की मुंबईतील नाविकांच्या उठावावर दोन प्रकारचे लेखन वाचायला मिळते. एका प्रकारात नाविकांनी पाच दिवसांत इंग्रजांना देश सोडायला भाग पाडले असे ठासून सांगितलेले असते. दुसऱ्या प्रकारात हा निकृष्ट जेवणावरून झालेला आणि नेत्यांनी वेळीच मिटवलेला संप होता, एवढ्यावर विषय संपवला जातो. मला दोन्ही मांडण्या अपुऱ्या वाटतात आणि त्यातही दुसरी अधिक अन्यायकारक वाटते, कारण नाविकांच्या वरिष्ठांना नेमके तेच म्हणायचे होते.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी कुलाब्यातील 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण केंद्रातील नाविकांनी जेवण आणि काम दोन्ही नाकारले, हे खरे आहे. मात्र त्याआधीच, १ डिसेंबर १९४५ रोजी नौदल दिनाच्या दिवशी, याच केंद्राच्या आवारात 'भारत छोडो' आणि 'जय हिंद' अशा घोषणा रंगवलेल्या आढळल्या होत्या. फेब्रुवारीच्या आरंभी सरसेनापती ऑकिनलेक यांच्या भेटीच्या वेळी पुन्हा घोषणा रंगवल्याबद्दल बलाईचंद्र दत्त या तारायंत्र नाविकाला अटक झाली. केंद्राचे प्रमुख कमांडर किंग नाविकांना उद्देशून अर्वाच्य शिव्या देत असत आणि त्याविरुद्ध केलेल्या तक्रारींना दाद मिळत नव्हती. म्हणजे डाळ-भाताच्या ताटापर्यंत गोष्ट पोहोचली तेव्हा तिच्यामागे वांशिक अपमान, गोऱ्या नाविकांच्या तुलनेत तुटपुंजा पगार, युद्ध संपताच नोकरीवरून काढले जाण्याची धास्ती आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी पेटलेले मन, हे सगळे होते. संपसमितीच्या मागण्यांत चांगल्या जेवणाच्या जोडीला आझाद हिंद सेनेच्या सैनिकांची व राजकीय कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा मागे घेणे याही मागण्या होत्या. दुसऱ्या वसाहतीतील लोकांवर आमच्या माणसांनी गोळ्या का झाडाव्यात, असे विचारणाऱ्याला पोटार्थी कसे म्हणायचे?

राजापूरकर

धागाकर्त्यांच्या दुसऱ्या आक्षेपाशी पूर्ण सहमत आहे, पहिल्याशी मुळीच नाही. श्रेय देताना इतका हात आखडता घेण्याचे कारण मला कळत नाही. सुमारे ७८ जहाजे, किनाऱ्यावरील २० तळ आणि २० हजारांच्या आसपास नाविक या उठावात सामील झाले. कराचीत 'हिंदुस्थान' या जहाजाने गोऱ्या पलटणींशी प्रत्यक्ष तोफांची लढाई केली. मुंबई बंदरातील जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्ष यांचे झेंडे एकाच वेळी फडकले, आणि संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान व उपाध्यक्ष मदन सिंग होते. १९४६ सालातील देशाचे वातावरण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन नावांच्या शेजारी असण्याचे मोल वेगळे सांगायला नको.

ज्या साम्राज्याने दीडशे वर्षे हिंदी शिपायाच्या खांद्यावर बंदूक ठेवून हिंदुस्थान राखला, त्याचा तो खांदाच निघून गेला. १९२०, १९३० आणि १९४२ च्या आंदोलनांत तुरुंग भरले, तरी फौज सरकारच्या हुकमात राहिली होती. १९४६ मध्ये पहिल्यांदाच ती राहील की नाही याची शंका आली. पुढे खुद्द ॲटली यांनी, म्हणजे उठावाच्या वेळच्या ब्रिटिश पंतप्रधानांनी, १९५६ साली कलकत्त्याच्या भेटीत न्यायमूर्ती चक्रवर्ती यांना हेच कारण सांगितले होते. आणखी कोणता पुरावा हवा?

दस्तऐवज

आणखी पुरावा हवा, कारण दिलेला पुरावा कच्चा आहे. ॲटली यांचे ते कथित विधान आपल्यापर्यंत चक्रवर्ती यांच्या एकट्याच्या आठवणीतून आले आहे, आणि तीही त्यांनी भेटीनंतर सुमारे वीस वर्षांनी लिहून ठेवलेली. त्या संभाषणाची समकालीन नोंद कोणी पुढे केलेली नाही. असे वाक्य आपल्या मताला सोयीचे आहे म्हणून स्वीकारायचे, आणि त्याच प्रतीचे दुसरे वाक्य गैरसोयीचे असले तर ऐकीव म्हणून टाकायचे, ही पद्धत मला मान्य नाही.

तारखांचा क्रमही पाहावा. सत्तांतराच्या वाटाघाटींसाठी कॅबिनेट मिशन पाठवण्याची घोषणा ब्रिटिश संसदेत १९ फेब्रुवारीला, म्हणजे उठावाच्या दुसऱ्याच दिवशी झाली. तीन मंत्र्यांना हिंदुस्थानात पाठवण्याचा निर्णय एका रात्रीत होत नाही. तो जानेवारीतच झाला होता. त्यामागे जुलै १९४५ मध्ये सत्तेवर आलेला मजूर पक्ष होता, महायुद्धाने रिकामी झालेली तिजोरी होती, अमेरिकेकडून मागावे लागलेले ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज होते आणि ज्या हिंदुस्थानाला आजवर ऋणको मानले, त्यालाच सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत असल्याची विलक्षण परिस्थिती होती. राज्यकारभार चालवणाऱ्या सनदी नोकरांत इंग्रजांची नवी भरती युद्धकाळात जवळजवळ थांबलेलीच होती. जे राज्य चालवायला माणसे नाहीत आणि राखायला पैसा नाही, ते पाच दिवसांच्या उठावामुळे गेले असे म्हणणे म्हणजे फळ पिकण्याचे श्रेय ते खाली पाडणाऱ्या वाऱ्याला देणे होय.

राजापूरकर

तारखेचा मुद्दा मी नाकारत नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष नाकारतो. जानेवारीत मिशनचा निर्णय कोणत्या वातावरणात झाला? नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यात शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांच्यावर खटला चालू होता. जन्मठेपेची शिक्षा सुनावूनही जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरसेनापतींना ती माफ करावी लागली, कारण ती अमलात आणली तर फौजेत काय होईल याची त्यांना खात्री नव्हती. जानेवारीत हवाई दलातही संप झाले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आझाद हिंद सेनेचे रशीद अली यांच्या शिक्षेवरून कलकत्त्यात गोळीबार झाला. नाविकांचा उठाव हा या साखळीतला दुवा आहे आणि ती साखळी मिशनच्या आधी सुरू होते. दस्तऐवज यांनी तिजोरी मोजली, पण भीती मोजली नाही. पैसा नसलेली साम्राज्ये कर्ज काढूनही टिकतात. फ्रान्स आणि हॉलंड युद्धानंतर काही इंग्लंडपेक्षा श्रीमंत नव्हते, तरी व्हिएतनाम आणि इंडोनेशिया राखण्यासाठी ते वर्षानुवर्षे लढलेच.

दस्तऐवज

फ्रान्स-हॉलंडचे उदाहरण चांगले आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. मात्र हवाई दलाच्या संपांची सुरुवात कोठे झाली हेही सांगायला हवे होते. जानेवारी १९४६ मध्ये कराचीजवळच्या द्रिघ रोड तळावर संप केला तो ब्रिटिश हवाई दलातील गोऱ्या सैनिकांनी. त्यांना लवकर घरी जायचे होते. सेवामुक्तीला लागणारा विलंब, कंटाळा आणि निकृष्ट खाणे या तक्रारी त्या हिवाळ्यात सर्व दलांत होत्या. न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगानेही सेवेतील गाऱ्हाणी आणि राजकीय प्रभाव या दोन्हींची नोंद केली आहे. उठाव राजकीय नव्हता असे मी म्हणत नाही. तो निव्वळ राजकीय होता एवढेच नाकारतो.

शिवाजी पार्क

या चर्चेत आता नाविकांना शरण जायला सांगितल्याबद्दल सरदार पटेलांना खलनायक ठरवले जाणारच, म्हणून आधीच लिहितो.

२१ फेब्रुवारीला कॅसल बॅरॅक्स या नौदलाच्या तळाला लष्कराचा वेढा पडून गोळीबार झाला. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल गॉडफ्रे यांनी आकाशवाणीवरून बजावले की प्रसंगी सारे नौदल नष्ट झाले तरी बेहत्तर, पण उठाव मोडून काढला जाईल. बंदरावरून लढाऊ विमाने घिरट्या घालत होती, 'ग्लासगो' ही युद्धनौका मुंबईकडे निघाली होती. नाविकांकडे काही तोफा होत्या. मात्र अन्न आणि पाणी किनाऱ्यावरून येत होते, आणि गेटवेजवळ लोक होड्यांतून शिदोऱ्या पोहोचवत होते म्हणून ते टिकले होते. अशा वेळी पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला नसता तर बंदरात शेकडो तरुणांची प्रेते तरंगली असती. जिनांनीही तोच सल्ला दिला होता, पण त्यांचे नाव या आरोपात सहसा कोणी घेत नाही.

दुसरी गोष्ट अधिक कठोर आहे. काही महिन्यांत जे सत्ता हाती घेणार होते, त्यांना फौजेची शिस्त मोडून चालणार नव्हते. स्वतंत्र हिंदुस्थानलाही सैन्य लागेल, असे पटेलांनी त्या दिवसांत स्पष्ट लिहिले आहे. पुढच्याच वर्षी काश्मीरमध्ये टोळीवाले घुसले तेव्हा श्रीनगरला उतरलेली फौज हीच होती. वरिष्ठांचा हुकूम कधी पाळायचा हे शिपायांनी मतदानाने ठरवावे अशी प्रथा १९४६ मध्ये पडली असती, तर १९४७ च्या फाळणीच्या आगीत तिचे काय झाले असते याची कल्पना करून पाहावी.

लालबागची

वरचे सर्व प्रतिसाद वाचले. जहाजे मोजून झाली, पौंड आणि डॉलर मोजून झाले, पटेलांचा बचावही झाला. पण २२ आणि २३ फेब्रुवारीला या शहरात दोनशेहून अधिक माणसे गोळ्यांनी मारली गेली आणि हजाराच्या घरात जखमी झाली, त्यांच्यासाठी अजून कोणी एक वाक्य खर्च केलेले नाही. नाविक मेले त्याहून कितीतरी अधिक मुंबईकर मेले, आणि त्यांच्या अंगावर कोणताही गणवेश नव्हता.

२२ तारखेच्या हरताळाला कम्युनिस्ट पक्षाने हाक दिली आणि अरुणा असफ अलींसारख्या समाजवाद्यांनी नाविकांची बाजू घेतली. काँग्रेसच्या आणि लीगच्या पुढाऱ्यांनी लोकांना घरी बसायला सांगितले होते, तरीही गिरण्या ओस पडल्या आणि लाखो कामगार बाहेर आले. परळ, लालबाग, नळबाजार, भेंडीबाजार अशा हिंदू आणि मुसलमान दोन्ही वस्त्यांत अडथळे उभे राहिले आणि गोऱ्या पलटणींनी रस्त्यांवर गोळ्या झाडल्या. परळमध्ये कमल दोंदे ही कार्यकर्ती ठार झाली, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. त्याच महिन्यात शिधावाटपातील धान्यात कपात जाहीर झाली होती. चाळीतील माणसाला नाविकाच्या ताटातील वाळूची गोष्ट समजावून सांगावी लागली नाही.

कुलाब्यात नाविकांचे स्मारक आहे, ते असायलाच हवे. गिरणगावात या दोनशे जणांची नावे कोठे वाचायला मिळतात, हे कोणी मला दाखवावे. शिवाजी पार्क म्हणतात की पटेलांमुळे बंदरातील प्रेते टळली. टळली असतील. रस्त्यावरची टळली नाहीत.

शिवाजी पार्क

रस्त्यावरची प्रेते पडण्याचे एक कारण हेही आहे की ज्यांनी हरताळाची हाक दिली, त्यांच्याकडे गर्दी आवरण्याची योजना नव्हती. बँका, टपाल कचेऱ्या आणि धान्याची दुकाने लुटली गेली, हे लालबागची यांनी गाळले आहे. दुसरे असे की १९४२ मध्ये गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला तेव्हा महायुद्धाला 'लोकयुद्ध' म्हणत सरकारच्या बाजूला उभा राहिलेला पक्ष चार वर्षांनी मुंबईच्या रस्त्यावर क्रांतीची हाक देतो, तेव्हा काँग्रेसने त्याच्यामागे जावे ही अपेक्षा जरा जास्तच होती.

लालबागची

१९४२ ची भूमिका चुकीचीच होती, आणि ती चुकीची होती असे म्हणणारे पुष्कळ कामगार तेव्हाही होते. मात्र २२ तारखेला बाहेर पडलेल्या लाखो माणसांच्या खिशात कोणत्या पक्षाचे कार्ड होते? त्या पक्षाचे सभासद शहरात तितके कधीच नव्हते. धान्याचे दुकान लुटणारा माणूस गुंड असू शकतो, तसाच भुकेलाही असू शकतो. दोहोंना एकच गोळी लागली. आणि गर्दी आवरण्याची योजना नव्हती हा दोष असेल, तर ज्यांच्या शब्दाला शहरात खरोखर वजन होते, ते त्या दिवशी रस्त्यावर का नव्हते, हाही प्रश्न विचारावा लागेल. गांधीजींनी हिंसेसाठी झालेली हिंदू-मुसलमानांची एकी निंद्य ठरवली, तेव्हा अरुणा असफ अलींनी उत्तर दिले की घटनात्मक वाटाघाटींपेक्षा अडथळ्यांमागे हिंदू-मुसलमानांना एकत्र आणणे मला सोपे वाटते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या हिंदू-मुसलमान दंगलीत काय झाले ते आठवले की हे उत्तर इतक्या सहज बाजूला सारता येत नाही.

राजापूरकर

लालबागची यांच्या या प्रतिसादाला अनुमोदन. एक छोटी पुस्ती : युद्धापूर्वीच्या नौदल भरतीत आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील मुसलमान खलाशांचा मोठा वाटा होता. युद्धात नौदल दोन हजारांच्या आतून तीस हजारांच्या घरात गेले आणि त्यात पंजाब, बंगाल, मद्रासकडची शिकलेली मुले आली. उठावाचे नेतृत्व त्यांच्यातून आले हे स्वाभाविकच होते.

कुलाबकर (धागाकर्ते)

शिवाजी पार्क यांचा शिस्तीचा मुद्दा मला गंभीर वाटतो, आणि म्हणूनच तो पुढे नेऊन पाहतो. नाविक २३ फेब्रुवारीला शरण आले ते पटेलांच्या शब्दावर. कोणावर सूड उगवला जाणार नाही यासाठी काँग्रेस प्रयत्न करील, असे त्यांना सांगितले गेले होते. प्रत्यक्षात धरपकड झाली, अनेकांना छावण्यांत डांबले आणि शेकडो जणांना नोकरीवरून काढून घरी पाठवले. इंग्रजांनी शब्द पाळला नाही, हे समजू शकतो. ऑगस्ट १९४७ नंतर तर नौदल आपल्या हाती होते. तरीही ना भारताने या नाविकांना परत घेतले, ना पाकिस्तानने.

यावर आझाद हिंद सेनेच्या लोकांनाही सैन्यात परत घेतले नव्हते असे उत्तर दिले जाते, आणि ते खरे आहे. मात्र शाहनवाज खान लोकसभेत गेले, केंद्रात उपमंत्री झाले. त्यांच्या खटल्यात वकिलाचा झगा घालून नेहरू स्वतः उभे राहिले होते. नाविकांच्या वाट्याला तसा वकील आला नाही, आणि स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतन मिळायला १९७० चे दशक उजाडावे लागले. दोन्ही गटांनी शिस्त मोडली होती. फरक एवढाच दिसतो की एका गटाने ती दूर ब्रह्मदेशाच्या सीमेवर आणि नेत्यांना न विचारता, पण त्यांना अडचणीत न आणता मोडली. दुसऱ्याने ती मुंबईत, वाटाघाटी ऐन रंगात येत असताना मोडली. शिस्त हेच कारण असेल तर दोघांना एकच माप लागायला हवे होते. शिवाजी पार्क यांनी या मापातल्या फरकाचे कारण सांगावे, अशी विनंती आहे.

शिवाजी पार्क

कारण सरळ आहे आणि ते सांगायला मला संकोच वाटत नाही. आझाद हिंद सेना १९४५ मध्येच संपलेली होती. तिचा गौरव केल्याने कोणत्याही चालू पलटणीतील हुकूम ढिला होत नव्हता. नाविक मात्र त्या क्षणी सेवेत असलेल्या, उद्या आपलीच होणार असलेल्या दलात होते. त्यांना परत घेतले असते, तर त्यांच्याविरुद्ध हुकूम पाळणारे जे हिंदी अधिकारी नौदलात उरले होते, त्यांच्या हाताखालीच त्यांना नेमावे लागले असते. निवृत्तिवेतनाला झालेला विलंब मात्र अक्षम्य आहे, त्याचे समर्थन मी करणार नाही.