मदत हवी आहे: तोंडी हिशेब येतो, कागदावर वजाबाकी अडते

द्राक्षांच्या पॅकिंग शेडमधल्या १४ महिलांचा ‘उल्लास’ (केंद्र सरकारची प्रौढ साक्षरता योजना) वर्ग चालू आहे, रोज जेवणाच्या सुट्टीत ३० मिनिटं. चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि प्रत्येक भागात ३३ टक्के हवेत. वाचन जमतंय. अडतंय ते हातच्याच्या वजाबाकीत. ५०० मधून ३८५ गेले की ११५ हे तोंडी लगेच सांगतात (ही मोठी जमेची बाजू), पण कागदावर एकक-दशकाची घरं सरकतात. चौकटीची वही दिली, शंभर-दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी मांडून घेतली. नोटा-नाणी उचलली की पुन्हा तेच. नोटांवरून आकड्यांवर येताना मधली पायरी कोणती घ्यावी?

हंगामात रात्रपाळीमुळे १५ दिवस खंड पडतो. तेवढ्यापुरता फोनवर ऐकून करायचा सराव कुणी बसवलाय का? उदाहरणं वजनकाटा, पेट्या, मजुरीची हवीत. बालवाडीची चित्रं नकोत.