मदत हवी आहे: पवना जलाशयावर मदतनिधीसाठी शिडाच्या बोटींची शर्यत

पावसाळा सरला की मावळातल्या शाळकरी मुलांना पोहायला शिकवण्याचा निधी उभारायला पवनेवर शर्यत घेतोय. ऑप्टिमिस्ट (लहान मुलांची छोटी, मंद बोट), लेझर (एकट्याने चालवायची, जास्त वेगवान), एंटरप्राइज (दोघांची), सगळ्यांनी या. पाटबंधारे खात्याकडे अर्ज दिलाय, लाइफ जॅकेट सक्तीचं, बचाव बोट ठरली आहे.

अडलंय निकालावर. सरावात पोर्ट्समथ यार्डस्टिक, म्हणजे मंद-वेगवान बोटींच्या वेळा तुलनेला आणायची पद्धत, लावून पाहिलं: लागलेली वेळ गुणिले १०००, भागिले त्या प्रकारच्या बोटीला ठरवून दिलेला आकडा (बोट मंद, तर आकडा मोठा). पण डोंगराआड वारा अचानक पडतो, शीड लोंबकळतं आणि मागची ऑप्टिमिस्ट तिथेच अडकते. पोरांवर हा अन्याय आहे. म्हणून मंद बोट आधी सोडायची, शेवटच्या शिट्टीच्या वेळी जी पुढे ती जिंकली, असं ठरवतोय. मार्ग छोटा त्रिकोणी, वेळ एक तास.

अशा वाऱ्यात ऑप्टिमिस्टनंतर लेझर किती मिनिटांनी सोडावी? आणि बोट घेऊन कोण कोण येताय?