उत्तर: टॉटनमने सोनला सोडलं ते बरोबरच केलं

प्रश्न असा आहे की २०१८ चा सीझन नुकताच सुरू झालेला असताना टॉटनम या इंग्लिश फुटबॉल क्लबने आपला दक्षिण कोरियन खेळाडू सोन ह्युंग-मिनला एशियन गेम्सला पाठवलंच कशाला. अहो, नसता पाठवला तर पुढे सक्तीच्या लष्करी सेवेसाठी पावणेदोन वर्षं सैन्यात गेला असता तो, आणि तेही ऐन भरात! कोरियात ऑलिंपिकचं कुठलंही मेडल किंवा एशियन गेम्सचं गोल्ड मिळालं तरच खेळाडूला यातून सूट मिळते. २०१४ ला त्याच्या तेव्हाच्या जर्मन क्लबने, लेव्हरकुसेनने, सोडलं नाही आणि नेमकं त्याच वर्षी कोरियाने गोल्ड जिंकलं, मग २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये होंडुरासकडून क्वार्टर फायनलला हरले तेव्हा बिचारा ढसाढसा रडला होता. शेवटी २०१८ ला इंडोनेशियातल्या एशियन गेम्सच्या फायनलला जपानविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ जिंकले, दोन्ही गोलना पास सोनचाच, आणि गोल्डबरोबर सूटही मिळाली.

क्लबनेही फुकट नाही सोडलं बरं का, बदल्यात नोव्हेंबरच्या फ्रेंडली आणि २०१९ च्या एशियन कपच्या पहिल्या दोन मॅच तो कोरियाकडून खेळला नाही. आणि सूट म्हणजे पूर्ण सुटका नव्हे, २०२० मध्ये कोरोनामुळे लीग बंद असताना कोरियातल्या जेजू बेटावर मरीन सैनिकांसोबत तीन आठवडे लष्करी ट्रेनिंग केलं आणि तिथेही टॉपच्या ट्रेनीजमध्ये आला. मला तर या माणसाचं प्रचंड कौतुक वाटतं.