मृत दात्याची किडनी: यादीत नाव लागल्यावर काय तयार हवं?

मैत्रवन
मोठ्या भावाचं नाव (वय ४४, रक्तगट ओ, आठवड्याला तीन डायलिसिस) रुग्णालयामार्फत झेडटीसीसीच्या (विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या) यादीत लागलं आहे. घरात जुळणारा दाता नाही. आता फक्त फोनची वाट पाहायची का? एका किडनीसाठी चार-पाच जणांना बोलावतात म्हणे, ते कशासाठी? आणि हिमोग्लोबिन ६.९ आहे, सेंटरवाले रक्त चढवू म्हणताहेत. चढवावं का?

समन्वय
नुसती वाट पाहू नका. यादीतलं नाव सक्रिय असतं किंवा निष्क्रिय. ताप, पायाची जखम, जुना झालेला टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी), यांपैकी कशानंही रुग्णालय नाव तात्पुरतं निष्क्रिय करतं आणि ते पुन्हा सुरू करायचं राहून जातं. महिन्यातून एकदा प्रत्यारोपण समन्वयकाला फोन करून 'नाव सक्रिय आहे ना?' एवढंच विचारा. डायलिसिस किती महिने चालू आहे त्याला गुण मिळतात, म्हणून पहिल्या डायलिसिसच्या तारखेचा कागद फाइलमध्ये हवाच.

आता बोलावण्याबद्दल. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार दात्याचा मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ ठरवतं. तपासण्या दोनदा होतात, मध्ये किमान सहा तास. नातेवाइकांची लेखी संमती लागते, आणि अपघात असेल तर पोलिसांचे कागद व शवविच्छेदनाची सोयही. यात कुठेही गाडी अडू शकते: दात्याचा रक्तदाब कोसळतो, घरचे मन बदलतात. म्हणून पोहोचल्यावरही 'रद्द झालं' ऐकण्याची तयारी ठेवा.

चार-पाच जणांना बोलावतात ते क्रॉसमॅचसाठी. दात्याच्या लिम्फोसाइट पेशी आणि रुग्णाचं सीरम एकत्र ठेवून पेशी मरतात का ते पाहतात. मरत असतील तर रुग्णाच्या रक्तात त्या दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत. तशी किडनी बसवली तर ती काही मिनिटांत किंवा तासांत काळी पडू शकते. तपासणीला चार-सहा तास लागतात. पहिल्याचा क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आल्यावर दुसऱ्याला बोलावायला वेळ उरत नाही, म्हणून राखीव रुग्ण आधीच हजर ठेवतात. चौथ्या क्रमांकावर असलात तरी जा. वर जाण्याची शक्यता खरी असते.

गाळणी
रक्ताबद्दल मी जरा ठामपणे लिहिते, कारण प्रत्यारोपणाचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. चढवलेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे परक्या एचएलए प्रथिनांविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) अँटिबॉडी तयार होतात आणि पुढे एकामागून एक दात्यांशी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊ शकतो. ६.९ हा आकडा एकटा पाहून पिशवी लावू नका. धाप, छातीत दुखणं, रक्तस्राव असेल तर मात्र थांबू नका, जीव आधी. तेव्हाही पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा आणि प्रत्यारोपण केंद्राला कळवा; दोन ते चार आठवड्यांनी अँटिबॉडीची तपासणी पुन्हा करावी लागते. गाळल्याने धोका कमी होतो, जात नाही.

तातडी नसेल तर एरिथ्रोपोएटिन (हिमोग्लोबिन वाढवणारं इंजेक्शन) का लागू पडत नाही ते शोधा. बहुतेकदा लोह कमी असतं. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या दोन्ही तपासण्या करा. सॅच्युरेशन २० टक्क्यांखाली असेल तर शिरेतून लोह दिल्याशिवाय इंजेक्शनं वाया जातात. मग बघायचं कॅथेटरचा संसर्ग, अपुरं डायलिसिस, वाढलेलं पॅराथायरॉइड हार्मोन.

हिपॅटायटिस बीची लस झाली का? डायलिसिसवर दुप्पट मात्रा लागते, ४० मायक्रोग्रॅम, ०, १, २ आणि ६ महिन्यांनी. नंतर टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची पातळी) १० च्या वर आहे का पाहा.

मैत्रवन
मनापासून आभार. फोन आला की त्या क्षणापासून काय करायचं? आणि बाहेर काढलेली किडनी किती वेळ टिकते?

समन्वय
फोन ठेवल्यावर खाणंपिणं बंद. शेवटचं डायलिसिस कधी झालं, कोरडं वजन (जादा पाणी काढल्यावरचं) किती, आज वजन किती हे कागदावर लिहून न्या. पोटॅशियम जास्त आलं तर ऑपरेशनआधी डायलिसिस करतात. क्लोपिडोग्रेल किंवा दुसरं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर फोनवरच सांगा. सर्दी-ताप लपवू नका. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू झाल्यावर तोच संसर्ग जिवावर बेततो.

किडनी थंड द्रावणात, साधारण ४ अंशांवर, पिशवीत पिशवी करून ठेवतात. बर्फ थेट लागू देत नाहीत. २४ तासांच्या आत बसवावी, जितकी लवकर तितकी बरी. उशीर झाला तर सुरुवातीला ती सुस्त राहते आणि पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागू शकतं. लघवी झाली नाही म्हणजे किडनी गेली, असं समजून खचू नका. बरेचदा ती काही दिवसांत किंवा आठवड्यांत जागी होते.

गाळणी
प्रत्यारोपणानंतरचंही आत्ताच लिहून ठेवा. टॅक्रोलिमसची (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळीची) रक्तातली पातळी रात्रीच्या डोसनंतर बारा तासांनी बघायची असते. त्या सकाळी गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर घ्या. आधी घेतली तर आकडा खोटा वर जातो आणि डोस विनाकारण कमी होतो. बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलने पातळी वाढते, टीबीच्या रिफाम्पिसिनने अगदी तळाला जाते, म्हणून कोणतंही नवं औषध केंद्राला विचारूनच. ऑपरेशनवेळी मूत्रनलिकेत ठेवलेला डीजे स्टेंट (बारीक नळी) काही आठवड्यांत काढावा लागतो. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लाल शाईने लिहून घ्या, कारण विसरलेल्या स्टेंटवर खडे जमतात.